मदत हवी आहे: बोटीवरच्या लाकूड-कोळशाच्या स्टोव्हचा धूर केबिनमध्ये येतोय, पहाटे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म वाजला

पाणकावळा
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं वर्षभर बोटीवरच राहतो. लोखंडी बोट, केबिन लांबट आणि बुटकी, उबेसाठी एका टोकाला छोटा बिडाचा स्टोव्ह. बोट जुनी घेतली, स्टोव्ह तिच्यासोबतच आला. कोणी बसवला, कधी बसवला, याचा कागद नाही. दिवसा लाकूड जाळतो. रात्री बिनधुराच्या कोळशाच्या वड्या घालून हवेच्या झडपा जवळजवळ बंद करतो, म्हणजे सकाळपर्यंत निखारे टिकतात.

हल्ली लाकूड टाकायला दार उघडलं की धूर तोंडावर येतो. छतावर चिमणीच्या बुडाशी काळपट तपकिरी ओघळ उतरलेत, पुसले तरी जात नाहीत. आणि परवा पहाटे सीओ अलार्म वाजला. खिडक्या उघडल्यावर थोड्या वेळाने थांबला. बायकोचं डोकं दुखत होतं, ती म्हणते सर्दीने.

चिमणी स्वतः साफ करता येते का? धूर उलटा का येतो? अलार्मच बिघडला असेल का? थंडी कडक आहे, त्यामुळे स्टोव्ह बंद ठेवावा लागू नये असं वाटतं.

निखारा
शेवटून सुरू करतो. स्टोव्ह आजपासून बंद. कारण सापडून दुरुस्त होईपर्यंत पेटवायचा नाही, मग थंडी कितीही असो. जाड पांघरुणं घ्या, जमलं तर काठावर कुणाकडे झोपा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा ही लक्षणं फ्लूसारखी दिसतात, पण ताप नसतो आणि मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. वहिनींचं डोकं बाहेर आल्यावर उतरत असेल तर ती सर्दी समजू नका. डॉक्टरांकडे जा आणि अलार्म वाजल्याचं आधी सांगा. बराच वेळ मोकळ्या हवेत राहिल्यावर रक्तातलं प्रमाण उतरतं, म्हणून तपासणी लवकर झालेली बरी.

अलार्म बिघडला असेल हे बाकी सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ६० ते ९० मिनिटांनी, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतो. म्हणजे तो कमी प्रमाणाला लगेच ओरडत नाही. तुमचा वाजला तेव्हा हवा आधीच काही काळ खराब असण्याची शक्यता धरा. पुन्हा वाजला तर खिडक्या उघडून आत थांबू नका, दोघं बाहेर पडा.

गंजलेला नांगर
पहाटेच का वाजला, याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय: झडपा बंद. घराच्या धुराड्याला उंची असते. बोटीची चिमणी आखूड, म्हणून तिची धूर वर खेचण्याची ओढ मुळातच कमी. ती ओढ येते स्टोव्हपासून छतापर्यंत जाणाऱ्या नळीतल्या गरम हवेतून. पहाटे आग विझत आलेली, नळी थंड पडलेली, आणि निखारे मात्र हवेअभावी अर्धवट जळत असतात. ज्वाला नाही, धूर नाही, सगळं शांत दिसतं. पण कार्बन मोनॉक्साइड याच वेळी भरपूर तयार होतो आणि त्याला वर ओढून न्यायला चिमणीत जोर उरलेला नसतो.

दार उघडल्यावर तोंडावर येणारा धूर म्हणजे नळी तुंबली आहे असं धरून चाला, जोवर उलट सिद्ध होत नाही. पहिली जागा बॅफल प्लेट, म्हणजे स्टोव्हच्या आत वरच्या बाजूला आडवी बसलेली पत्र्याची किंवा बिडाची फळी. नळीतून गळणारी काजळी तिच्या पाठीवर साठते आणि वाट बुजवते. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं ब्रश फिरवतात आणि ही फळी काढतच नाहीत. मग सगळी घाण तिच्यावरच जमते.

साफसफाई स्वतः जमते. स्टोव्ह पूर्ण गार असताना फळी काढा, दार लावून घ्या, छतावरची चिमणी उचला आणि वरून ब्रश घाला. ब्रश नळीच्या मापाचा हवा. काठ्या नेहमी घड्याळाच्या दिशेने फिरवा, उलट फिरवल्या तर जोड सुटून ब्रश नळीत अडकतो. मग बसा काढत! धुरातून जमलेल्या डांबराचा चमकदार, काचेसारखा थर दिसला तर मात्र तो खरवडत बसू नका, जाणकार माणूस बोलवा. चिमणीला आग लागते ती त्याच थराला.

तरंगतं_घर
जरा वेगळं मत. आम्ही रात्री झडपा कमी करतोच आणि कधी त्रास झालेला नाही. थंडीत रात्री उठून कोळसा कोण घालणार?

गंजलेला नांगर
कमी करणं आणि जवळजवळ बंद करणं यात फरक आहे. त्रास झाला नाही याचा अर्थ चिमणी त्या रात्री ओढत होती, एवढाच. वारा पडला, बोट उंच काठाखाली किंवा झाडीत बांधली की तीच चिमणी उलटी वाहू शकते. झोपण्याआधी आग चांगली पेटवून नळी गरम करा, मग झडप बेताने कमी करा. नळीला चिकटणारा चुंबकाचा थर्मामीटर मिळतो. बहुतेकांवर साधारण ११५ ते २४५ अंश सेल्सिअस हा पट्टा कामाचा म्हणून दाखवलेला असतो. त्याखाली सतत जाळलं की डांबर जमतं. आणि लाकूड ओलं नको. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली हवं, तेही ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मोजून. बाहेरून सगळीच लाकडं कोरडी वाटतात.

पाणकावळा
सगळ्यांचे आभार. स्टोव्ह बंद आहे. बायको डॉक्टरकडे जाऊन आली, आता ठीक आहे. फळी काढली तर पाठीवर काजळीचा जाड ढीग, वाट बोटभर उरलेली. शिवाय स्टोव्हजवळ खाली हवा येण्याचं भोक होतं, त्यावर आधीच्या मालकाने फळी ठोकून वर रंग दिलाय. नळी जिथे स्टोव्हमध्ये बसते तिथलं सिमेंट तडकलंय. आता पुढे काय? आणि ते छतावरचे ओघळ?

निखारा
भोक आधी मोकळं करा. ते बंद न होणारंच हवं. आग केबिनमधली हवा खाते, ती कुठून तरी आत यायलाच पाहिजे. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा पंखा चालू असेल तर तोही चिमणीतली हवा उलटी ओढू शकतो, त्यामुळे आग पेटलेली असताना तो लावू नका.

सिमेंट तडकणं बोटीत ठरलेलंच. बोट धक्क्याला आपटते, इंजिनाने थरथरते, बीड तापून फुगतं, गार होऊन आकसतं. जुनं सगळं काढा, फटीत उष्णता सोसणारी काचतंतूंची दोरी ठासा आणि वरून फायर सिमेंट लावा. नुसतं सिमेंट पुन्हा तडकेल. वाळल्यावर छोटी आग पेटवा, जोडांभोवती अगरबत्ती फिरवा. तिचा धूर एखाद्या फटीकडे ओढला गेला तर तिथून हवा शिरते आहे. स्टोव्हच्या दाराच्या कडेला फट बुजवणारी दोरी असते, ती तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज निसटली तर दोरी बदला.

गंजलेला नांगर
ओघळांचं सांगतो. छतावरची चिमणी कॉलरच्या, म्हणजे नळी छतातून बाहेर येते तिथल्या कड्याच्या, बाहेरून बसते, म्हणून तिच्या आतून उतरणारं डांबरपाणी कॉलरच्या बाहेर, थेट छतावर गळतं. आत दुसरी नळी असलेली, दुहेरी भिंतीची चिमणी घ्या. तिची आतली नळी कॉलरच्या आत उतरते, त्यामुळे ओघळ पुन्हा आगीकडे जातात. नळीही गरम राहते आणि ओढ सुधारते, हा माझ्या मते त्याहून मोठा फायदा.

नळी गंजून पातळ झाली नाही ना तेही पाहा. कोळशातल्या गंधकाची काजळी ओलाव्यात आम्ल बनते आणि पत्रा आतून खाते, म्हणून हंगाम संपला की नळी साफ करूनच ठेवायची. कागद नसलेल्या स्टोव्हच्या मागच्या लाकडाकडेही लक्ष द्या. वर्षानुवर्षं तापलेलं लाकूड आधीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं. अंतर किती, स्टोव्ह कशावर ठेवायचा, हे सगळं ब्रिटिश मानक बीएस ८५११ मध्ये छोट्या बोटींसाठीच लिहिलेलं आहे. स्टोव्ह तपासायला येणाऱ्या तपासनिसाला तेच समोर ठेवायला सांगा.

पाणकावळा
तपासनीस पुढच्या आठवड्यात येतोय, तोवर पेटवत नाही. एक राहिलं. अलार्मच्या मागे तारीख आहे, ती उलटून गेलीय. टेस्टचं बटण दाबलं तर वाजतो.

निखारा
बटण बहुतेकदा भोंगा आणि बॅटरी तपासतं, वायू ओळखणारा संवेदक नाही. आजच नवा आणा, ईएन ५०२९१-२ लिहिलेला. तो बोटी आणि कॅरॅव्हॅनसाठीचा. स्टोव्हपासून आडवं १ ते ३ मीटरवर, भिंतीला उंचावर लावा. झोपायची जागा वेगळी असेल तर तिथे उशीच्या उंचीला दुसरा. आणि राखेची बादली आत ठेवत असाल तर आधी बाहेर काढा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे असतात आणि त्यातूनही तोच वायू निघतो. झाकणाची पत्र्याची बादली, छतावर किंवा काठावर, लाकडापासून लांब.