नवी मुंबई विमानतळामुळे तिकिटं स्वस्त होतील का?

ताळेबंद
नवी मुंबई विमानतळाविषयी एक वाक्य सारखं कानावर येतं: युरोपात रायनएअर या स्वस्त विमान कंपनीने शहराबाहेरचे विमानतळ धरले आणि तिकिटं स्वस्त केली, आता इथेही तसंच होईल. मला हे अजिबात पटत नाही.

रायनएअर १९९९ मध्ये जर्मनीतल्या हानला गेली. अमेरिकी हवाई दलाचा सोडलेला तळ, फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर. धावपट्टी तयार, विमानं नाहीत आणि स्थानिक सरकारला रोजगाराची घाई. अशा ठिकाणी दर कंपनी सांगते. ब्रसेल्सच्या दक्षिणेला शार्लरुआ इथे २००१ च्या करारात लँडिंगचं शुल्क चढणाऱ्या प्रवाशामागे १ युरो ठरलं होतं. दर पटला नाही तर पुढच्या हंगामात विमानं दुसऱ्या गावाला. सवलत या दबावातून आली, अंतरातून नव्हे.

मुंबईत हा दबाव कोणावर टाकणार? दोन्ही विमानतळ अदानी समूहाकडे आहेत आणि दर नियामक ठरवतो. नवी मुंबईला २०२५ मध्ये मंजूर झालेलं अंतरिम यूडीएफ (तिकिटात जोडलं जाणारं विमानतळ वापर शुल्क) देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशाला ६२० रुपये, तर मुंबईला त्याच वर्षी ठरलेलं १७५ रुपये. इथे नवाच विमानतळ महाग आहे.

उलवे_रनवे
तुम्ही शुल्कावरच थांबलात. या धंद्यात पैसा विमान दिवसाचे किती तास हवेत राहतं त्यावर मिळतो. रायनएअर १८९ सीटचं बोइंग ७३७ विमान उतरल्यावर पंचवीस मिनिटांत परत उडवते. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना शिड्या, एरोब्रिज (इमारतीतून थेट विमानात नेणारा पूल) नाही. दिवसाला आठ उड्डाणं म्हणजे मधे सात टर्नअराउंड, म्हणजे उतरून पुन्हा निघण्याची तयारी. प्रत्येकी २० मिनिटं वाचली तर २ तास २० मिनिटं होतात, म्हणजे त्याच विमानात आणि विमानाच्या त्याच मासिक हप्त्यात एक जादा उड्डाण.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. एअरबस ए-३२० विमान जमिनीवर रांगेत उभं असतानाही मिनिटाला १० ते १२ किलो इंधन जाळतं. त्यात सकाळचे स्लॉट, म्हणजे उड्डाणाच्या ठरलेल्या वेळा, जुन्या कंपन्यांकडे. ८० टक्के वापर दाखवला की पुढच्या हंगामात स्लॉट त्यांचाच राहतो. पहिलं उड्डाण सहाऐवजी नऊला निघालं की दिवसाचं एखादं उड्डाण गेलंच. अकासा एअरसारख्या २०२२ मध्ये आलेल्या विमान कंपनीसाठी सकाळचा स्लॉट हाच खरा माल आहे, आणि तो नवी मुंबईत मिळू शकतो. ६२० रुपये शेवटी प्रवासी भरतो.

ताळेबंद
प्रवासी भरतो, पण बघतो एकूण आकडा. अडीच हजारांच्या तिकिटात ४४५ रुपयांचा फरक झाकला जात नाही. आणि सरळ रेषेत दोन्ही विमानतळ २५ किलोमीटरच्या आसपास आहेत. खालच्या धावपट्ट्या वेगळ्या असल्या तरी उतरायला येणाऱ्या विमानांचं आकाश सामायिक आहे. उतरण्याआधीच्या घिरट्या संपतील असं गृहीत धरू नका.

घाटमाथा
दोघांनीही नकाशा उघडलेला नाही. कंपनी विमानतळ निवडताना आधी तिथून तास-दीड तासाच्या ड्राइव्हमध्ये किती लोक राहतात ते मोजते, आणि त्यातले किती दुसऱ्या विमानतळाच्या जास्त जवळ आहेत ते वजा करते. हान नावाला फ्रँकफर्ट होतं, गाड्या मोझेल नदीच्या खोऱ्यातून आणि लक्झेंबर्गकडूनही यायच्या. स्पेनमधलं जिरोना बार्सिलोनाच्या नावावर विकलं गेलं. २००८ मध्ये तिथे ५५ लाख प्रवासी होते. २०१० मध्ये रायनएअर बार्सिलोनाच्या मुख्य विमानतळावरही आली आणि २०१६ पर्यंत जिरोनाचा आकडा २० लाखांच्या खाली गेला. शहराच्या नावाने आलेला प्रवासी शहरातच तिकीट मिळालं की परत फिरतो.

म्हणून नवी मुंबईचा हिशेब अंधेरी-बोरिवलीवर मांडू नका. पनवेल, खारघर, पेण आणि थेट पुणे धरा. पुण्याचा लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ, धावपट्टी साधारण अडीच हजार मीटर. पुण्याच्या लांब पल्ल्याच्या प्रवाशाला द्रुतगती मार्गाने उलवे, म्हणजे नवी मुंबई विमानतळ, सोयीचं पडेल. दिल्लीला सकाळी जाऊन रात्री परतणारा वांद्र्याचा माणूस मात्र तिकिटात हजार वाचले तरी येणार नाही.

हँगर_३
कागदावर न दिसणारा खर्च एकाच शहरात दोन विमानतळांवर तळ ठेवण्याचा असतो. सुटे टायर, ब्रेक, अभियंते, राखीव वैमानिक सगळं दोनदा. उलव्यात विमान बिघडलं आणि राखीव विमान सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर असेल तर ते रिकामं उडवून आणायचं. वैमानिकांना गाडीने पाठवलं तर तो प्रवासही कामाच्या तासांत मोजला जातो, मग शेवटचं उड्डाण रद्द. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोवे विमानतळ रात्री बंद असतो. उशीर झालेलं विमान दुसरीकडे उतरतं आणि प्रवाशांना बसने न्यावं लागतं. दिवसाला चार-पाच उड्डाणांसाठी हा व्याप परवडत नाही.

उलवे_रनवे
हे मान्य. म्हणूनच अर्धवट जाऊ नये, विमानं रात्री तिथेच ठेवावीत.

ताळेबंद
रायनएअरने हानला तेच केलं होतं. तरी २०१७ मध्ये ती फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर गेली आणि २०२१ मध्ये हानने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे शुल्क जास्त म्हणून २०२२ मध्ये तिने फ्रँकफर्टचाही तळ बंद केला. तिकडे तिला निघून जाता आलं. इथे दोन्ही दारांना मालक एकच आहे, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.