डिपस्टिक नाही, स्क्रीनवरची ऑइल लेव्हल दर वेळी वेगळी: मदत हवी आहे

नागाळापार्ककर
सेकंडहँड घेतलेली जर्मन पेट्रोल टर्बो सेडान आहे, 2.0 लिटर. डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) जागी नुसतं प्लास्टिकचं बूच आहे, लेव्हल फक्त स्क्रीनवर दिसते. सकाळी घरासमोरच्या उतारावर बार 'मिनिमम'ला टेकलेला असतो. त्याच दिवशी हायवेने कागलपर्यंत जाऊन आलं की जवळजवळ 'मॅक्झिमम'. अर्धा लिटर ऑइल घातलं तरी बार जागचा हलला नाही, दोन दिवसांनी आपोआप वर गेला. पावसात किंवा गाडी धुतल्यावर मधूनच पिवळा 'ऑइल सेन्सर' मेसेज येतो आणि निघून जातो. खाली गळती नाही, धूर नाही. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, सरळ सेन्सर बदला. बदलू का?

उद्यमनगरी
थांब भावा, आधी खर्च नको. पिवळा मेसेज लेव्हलचा किंवा सेन्सरचा असतो, तो आला म्हणून गाडी जागीच थांबवावी लागत नाही. तेलाच्या बुधलीचं लाल चिन्ह पेटलं तर मात्र तो तेलाच्या प्रेशरचा दिवा. तेव्हा गाडी तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद. 'गॅरेजपर्यंत पोचतो' म्हणणाऱ्यांची बेअरिंगं धरतात.

आता बार का नाचतो ते. सकाळची गोष्ट सरळ आहे: सेन्सर चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) बुडाशी एका बाजूला बसलेला असतो. उतारावर तेल दुसऱ्या टोकाला सरकलं की त्याच्या डोक्यावर कमी तेल राहतं. काही गाड्या उताराचा हिशोब वजा करतात, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. शिवाय तेल थंड असेल तर बऱ्याच गाड्या नवीन मोजमाप घेतच नाहीत, आधीचाच आकडा दाखवत बसतात.

ऑडी-फोक्सवॅगनच्या डिपस्टिक नसलेल्या इंजिनांत मोजमाप दोन प्रकारे होतं. गाडी उभी असताना: तेल 40 अंशांच्या वर पाहिजे आणि इंजिन बंद होऊन किमान 60 सेकंद झालेले पाहिजेत. चालू गाडीत: बराच वेळ सरासरी काढत राहतं, आणि जोरात वळण, ब्रेक किंवा पिकअप असेल तेवढा भाग सोडून देतं. पन्हाळ्याच्या घाटात वर जाताना त्याला धड आकडा मिळणं अवघडच. हायवेला सरळ, एकसारखी गाडी चालते म्हणून तिथला आकडा जास्त खरा.

तुझा अर्धा लिटर न दिसण्याचं कारण बहुधा बॉनेट. बॉनेटला स्विच असतो. बॉनेट उघडलं की सिस्टिम समजते की तेल घातलं असेल, जुना हिशोब पुसते आणि चालू मोजमाप नव्याने जमवायला घेते. त्याला 50 किमीच्या आसपास गाडी चालावी लागते. तेवढ्यात माणूस 'अजून कमीच दिसतंय' म्हणून आणखी ओततो आणि ओव्हरफिल होतं. मिनिमम ते मॅक्झिमममधलं अंतर अशा इंजिनांत साधारण 1 लिटरच असतं. म्हणून एका वेळी 250 मिली, त्याहून जास्त नाही.

नीट रीडिंग घ्यायचं तर इंजिन पूर्ण गरम होईल इतकी गाडी चालव, सपाट जागी लाव, बंद कर, पाच मिनिटं थांब, मग इंजिन न चालवता फक्त इग्निशन ऑन. सपाट म्हणजे डोळ्याला सपाट नव्हे. दाराच्या उंबऱ्यावर गवंड्याची लेव्हलपट्टी ठेवून बघ. बॉनेट उघडू नकोस.

शिरोलीफाटा
वरचं सगळं बरोबर, पण धुतल्यावर मेसेज येतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सेन्सर गाडीतल्या सगळ्यात खालच्या भागात, आणि वॉशिंगवाले प्रेशरची नळी थेट खालून मारतात. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत तर सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) ठरलेला आजारी. सेकंडहँड आहे म्हणतोस, तर 2019 किंवा 2021 च्या पुरात गाडी कुठे होती तेही विचारून घे.

रॅम्पवर घेऊन कपलर काढ. पिना हिरव्या-पांढऱ्या झाल्यात का, रबरी सील फाटलंय का, आत तेल आलंय का ते बघ. पाणी असेल तर दोष बाहेरचा. तेल असेल तर सेन्सरच्या आतूनच पाझरतंय, मग सेन्सर बदलणं आलं. तीन वायरी असतात: इग्निशन ऑन करून एकीवर बॅटरीइतका व्होल्टेज, दुसरी अर्थिंगची, तिसरी सिग्नल. अर्थिंगचा व्होल्टेज-ड्रॉप 0.1 व्होल्टच्या आत हवा. सिग्नलवर मल्टिमीटरने फारसं कळत नाही, कारण तिथे पल्स असतात. त्यासाठी स्कॅनरचा लाइव्ह डेटा.

स्कॅनरवर सोपी परीक्षा अशी: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इग्निशन ऑन करून तेलाचं तापमान आणि कूलंटचं तापमान बघ. दोन्हींत चार-पाच अंशांच्या आत फरक असेल तर तापमानाची बाजू ठीक. मग कुणाला तरी आकड्यावर नजर ठेवायला सांग आणि स्वतः खाली कपलर, वायर हलव.

नागाळापार्ककर
सकाळी तेल 26, कूलंट 27 अंश. कपलर हलवला की तेलाचा आकडा गायब, सोडला की परत. पिनांवर हिरवं आहे, तेल नाही. सपाट जागी गरम गाडीत बार मधल्या भागात. सेन्सर दोन प्रकारचे असतात असं ऐकलं, त्याने काही फरक पडतो का?

उद्यमनगरी
पडतो. जुना प्रकार गरम होऊन गार पडणारा: सेन्सर थोडा वेळ तापवतात आणि गार व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. तेलात बुडालेला भाग लवकर गार होतो, उघडा पडलेला उशिरा. त्यावर काळा गाळ चढला की तो उशिरा गार होतो आणि तेल असूनही कमी दाखवतो. नवीन प्रकार अल्ट्रासोनिक, तेलाच्या पृष्ठभागावरून आवाज परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो. त्याला फेस चालत नाही. तेलाला पेट्रोलचा वास आणि लेव्हल आपोआप वाढतेय, तर तो सेन्सरचा दोष नाही. छोट्या छोट्या फेऱ्यांनी तेलात पेट्रोल मिसळतंय.

तुझ्या केसमध्ये दोषी कपलरच. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन मऊ ब्रशने घास, पिना जिथे बसतात त्या खाचा सैल असतील तर कपलर वायरच्या तुकड्यासकट नवा जोड. सँडपेपर नको, पिनांवरचा थर निघतो.

शिरोलीफाटा
आणि खरं तेल किती आहे ते एकदा पक्कं करून घे, नाहीतर पुढे बारवर विश्वास कशावर ठेवणार? पुढच्या सर्व्हिसला गरम तेल अर्धा तास पूर्ण गळू दे, फिल्टर बदल आणि मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट जेवढं लिहिलंय तेवढंच मापून घाल, अंदाजे कॅन उपडा करू नको. निघालेलं तेलही मापून ठेव. फार कमी निघालं तर तेल खरंच जळतंय. ऑडी-फोक्सवॅगनच्या मते 1000 किमीला अर्धा लिटरपर्यंत खप चालतो, त्यापेक्षा वर गेलं तर पिस्टन रिंग आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा भाग) बघावे लागतील. मापून भरल्यावर सपाट जागी, गरम गाडीत बार मॅक्झिममजवळ आला तर सेन्सर बरोबर. नाही आला तरच सेन्सरवर पैसे घाल.

कधी बदलावाच लागला तर पार्ट चेसिस नंबरवरून मागव, दिसायला सारखे असतात पण आतून वेगळे. ओ-रिंग किंवा पॅकिंग दर वेळी नवीन, सिलिकॉन लावायचं नाही. तीन छोटे बोल्ट असतात, साधारण 9 न्यूटन-मीटर, टॉर्क पाना नसेल तर हलक्या हाताने. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आटे लवकर जातात, आणि मग खर्च बराच वाढतो. कपलर बसवताना लॉकचा टक् आवाज आला पाहिजे, आणि वायर चेंबरखालच्या गार्डला घासू नये म्हणून क्लिपमध्ये परत अडकवून घे.