फुटबॉल संपत नाही तोवर बास्केटबॉलच्या ट्रायआउट आल्या, दोन्ही खेळू द्यावं का?

शुक्रवारची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही ओहायोत असतो. मुलगा दहावीत आहे, म्हणजे इथल्या भाषेत सोफोमोर. गेल्या वर्षीपासून शाळेच्या टीममधून फुटबॉल खेळतो, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल, आणि हिवाळ्यात बास्केटबॉल. नववीत काही अडचण आली नाही कारण फ्रेशमन टीमचा फुटबॉल ऑक्टोबरात संपला, त्याने आठवडाभर विश्रांती घेतली आणि मग ट्रायआउटला, म्हणजे टीमच्या निवड चाचणीला, गेला. या वर्षी तो जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या टीममध्ये, आहे. जेव्हीच्या मॅचेस संपल्यात पण व्हर्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेली आणि कोचने त्याला आणि अजून दोघातिघांना व्हर्सिटीबरोबर प्रॅक्टिसला ठेवून घेतलंय. शुक्रवारी तो नुसता साइडलाइनवर उभा असतो तरी त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. आणि आता बास्केटबॉलच्या ट्रायआउट आल्यात, फुटबॉलची टीम मात्र जिंकतेच आहे, कधी थांबेल ते कोणालाच माहीत नाही.

नवरा म्हणतो दोन डगरींवर हात ठेवू नकोस, एक धर आणि त्यात पुढे जा, कॉलेजसाठी तेच उपयोगी पडेल. मुलगा म्हणतो मला दोन्ही हवेत. मला स्वतःला काळजी आहे ती त्याच्या शरीराची, ऑगस्टपासून हा मुलगा एक दिवस निवांत बसलेला नाहीये, आणि डोक्याला मार लागण्याबद्दल इतकं वाचलंय की प्रत्येक टॅकलला (अंगावर धडकून पाडतात ना, ते) माझा जीव खालीवर होतो. अभ्यास बरा चाललाय.

ज्यांची मुलं दोन्ही खेळली आहेत त्यांनी कृपया लिहा. कोचशी कोणी बोलायचं, मी की त्याने? आणि ट्रायआउट चुकली तर वर्ष वाया जातं का?

दोघांचा_बाबा

ताई, आम्ही टेक्ससमध्ये आहोत, माझी दोन्ही मुलं दोन्ही खेळली, मोठा आता कॉलेजात आहे (तिथे काही खेळत नाही), धाकटा सीनियर, म्हणजे बारावीत, आहे. तुमचा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी असतो आणि तुमच्यापेक्षा जास्त असतो कारण इथे बास्केटबॉलची प्रॅक्टिस ऑक्टोबरच्या शेवटालाच सुरू होते आणि फुटबॉलच्या फायनल आर्लिंग्टनला डिसेंबरच्या मध्यावर होतात. टीम लांबपर्यंत गेली तर बास्केटबॉलच्या दहाबारा मॅचेस होऊन जातात तरी पोरगा अजून शोल्डर पॅडमध्येच असतो. त्यामुळे कोच लोकांना हे नवीन नाहीये, अजिबात नाही. चालू असलेला सीझन पूर्ण करायचा, मग दुसरीकडे जायचं ही पद्धत बहुतेक शाळांत ठरलेली असते आणि फुटबॉलवाल्या पोरांसाठी उशिरा ट्रायआउट ठेवतात.

पण हे गृहीत धरू नका. बोलायचं ते मुलानेच, तुम्ही नाही. आमच्या मोठ्याच्या वेळी मी स्वतः ईमेल केली होती, कोचने मला नम्रपणे उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोराला बोलावून विचारलं की तुला खेळायचंय की तुझ्या वडिलांना. पोराला फार लागलं ते. धाकट्याने नववीतच दोन्ही कोचना जाऊन सांगितलं की मी दोन्हीत राहणार आहे, तारखा कशा जुळवायच्या ते सांगा. तुमच्या मुलाला आजच पाठवा, ट्रायआउटच्या आधी. आधी सांगितलेलं आणि नंतर कारण दिलेलं यात कोचच्या नजरेत खूप फरक असतो.

जागेचं मात्र स्पष्ट सांगतो. उशिरा येणाऱ्या मुलाला पहिल्या काही मॅचेस बेंचवर बसावं लागतं, कारण बाकीच्यांना सगळे प्ले (ठरवलेल्या चाली) पाठ झालेले असतात आणि हा तेव्हा शिकत असतो. बहुतेक राज्यांत पहिल्या मॅचआधी अमुक इतक्या प्रॅक्टिस झाल्याच पाहिजेत असाही नियम असतो. जानेवारी उजाडला की गाडी रुळावर येते. तेवढा दीड महिना घरच्यांनी धीर धरायचा, "तुला खेळवत का नाहीत" हा प्रश्न जेवताना विचारायचा नाही.

आणि मार्क. इथे टेक्ससात १९८४ पासून कायदाच आहे, सत्तरच्या खाली एका विषयात गेलास तर खेळ बंद. तुमच्या ओहायोतही आधीच्या ग्रेडिंग पिरियडमध्ये पाच पूर्ण क्रेडिटचे विषय पास असावे लागतात. दोन सीझन सलग म्हणजे ऑगस्ट ते मार्च, आणि सगळ्यात अवघड काळ डिसेंबरातल्या सेमिस्टरच्या परीक्षांचा, नेमका तेव्हाच बास्केटबॉलच्या मॅचेस आठवड्यातून दोन असतात, त्यातली एक मंगळवारी, दुसऱ्या गावी, घरी यायला दहा. आमच्याकडे बसमध्ये अभ्यास करायची सवय लावली तेव्हा कुठे जमलं.

गुडघा_आणि_घोटा

मी न्यू जर्सीत फिजिकल थेरपिस्ट आहे, हायस्कूलची मुलं रोज बघते. शरीराबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून जरा लांब लिहिते.

लोकांना वाटतं फुटबॉल खेळून आलेला मुलगा फिट असणारच, पण फिटनेस त्या त्या खेळाचा असतो. फुटबॉलमध्ये एक प्ले चारपाच सेकंदांचा, जीव तोडून जोर लावायचा, मग पुन्हा रांगेत उभं राहायचं, अर्धा मिनिट श्वास. बास्केटबॉलमध्ये आठ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये वरखाली धावणं थांबतच नाही, त्यात उड्या, आणि लाकडी फ्लोअरवर एकदम थांबून वळणं. गवतावर किंवा टर्फवर तीन महिने क्लीट्स (खिळ्यांचे बूट) घालून काढलेले पाय पहिल्या दोन आठवड्यांत हमखास तक्रार करतात. नडगी दुखते, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, घोटा मुरगळतो. माझ्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरात येणाऱ्या मुलांत अशी बरीच असतात ज्यांनी शुक्रवारी शेवटची फुटबॉल मॅच खेळली आणि सोमवारी जिममध्ये पूर्ण प्रॅक्टिस केली. मधे एक आठवडा तरी काहीही न करता काढावा, त्यानंतर आठवडाभर नुसतं शूटिंग, हलकं धावणं, मग पूर्ण प्रॅक्टिस. कोचला घाई असली तरी हे मागून घ्या. शाळेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर असेल तर त्यांच्याकडून सांगितलं गेलं की कोच सहसा ऐकतात.

वजनाचाही विचार करा. लाइनमध्ये खेळणाऱ्या मुलांना फुटबॉलसाठी वजन वाढवायला सांगतात आणि तेच वजन हिवाळ्यात गुडघ्यांवर येतं. तो कुठल्या पोझिशनला खेळतो?

दोन खेळ खेळण्याबद्दल मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला आहे की निदान १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकवू नका, आठवड्यातून एकदोन दिवस सुट्टी द्या आणि वर्षातून एकूण तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून लांब ठेवा, एकदम नाही, महिना महिना करून. वर्षभर एकच खेळ खेळणाऱ्या मुलांचे तेच तेच स्नायू आणि तीच हाडं झिजतात. दोन खेळांत निदान भार बदलतो. मला जास्त भीती वाटते ती मार्चनंतर बास्केटबॉलच्या क्लब टीममधून दर वीकेंडला टूर्नामेंट खेळायला जाणाऱ्यांची, तिथे विश्रांतीचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

डोक्याच्या माराचं. काळजी योग्यच आहे, फुटबॉलमध्ये तो धोका जास्त आहे आणि मी तो कमी करून सांगणार नाही. पण नियम आता कडक आहेत. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा केला की कंकशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची) शंका आली तरी खेळाडूला त्याच दिवशी परत खेळवायचं नाही आणि लेखी परवानगीशिवाय नंतरही नाही, पुढच्या पाच वर्षांत सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. परत येतानाही पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीला कमीत कमी २४ तास, त्रास झाला की एक पायरी मागे. फक्त हे सगळं मुलाने सांगितलं तरच चालतं ना! डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, हे मुलं लपवतात, आणि प्लेऑफमध्ये किंवा पुढच्या सीझनची ट्रायआउट तोंडावर असताना तर नक्की लपवतात. तुमच्या घरात सांगितल्याबद्दल ओरडा बसणार नाही आणि खेळही काढून घेतला जाणार नाही हे त्याला माहीत असू दे. "बघ, मी म्हटलं नव्हतं" हे वाक्य एकदा जरी त्याच्या कानावर पडलं तरी पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

बर्फातला_मध्या

काकू, मी मिनेसोटात वाढलो, आता २६ चा आहे, दोन्ही खेळायचो. मराठी लिहायची सवय कमी आहे तर चुका सांभाळून घ्या.

आमची शाळा लहान होती, फुटबॉलमधलीच निम्मी पोरं बास्केटबॉलला असायची, नाहीतर टीमच झाली नसती. त्यामुळे कोणाला एक निवड म्हणणं तिथे कुणाच्या मनातच येत नसे. मोठ्या शाळेत वेगळं असतं, तिथे बास्केटबॉलच्या दहाबारा जागांसाठी पन्नास पोरं येतात आणि त्यातली बरीच वर्षभर तेच खेळणारी असतात. तुमच्या मुलाची शाळा केवढी आहे त्यावर खूप अवलंबून आहे.

खेळाचा एकमेकांना फायदा होतो हे मी शपथेवर सांगेन. मी फुटबॉलमध्ये टाइट एंड होतो, म्हणजे अडवणारा आणि पास झेलणाराही, पास उंचावर आला की अंगाने माणूस अडवून बॉल काढायचा हे मला बास्केटबॉलमधल्या रिबाउंडने (हुकलेला बॉल उडी मारून पकडणं) शिकवलं. आणि फुटबॉलमुळे कोणी अंगावर आलं की मी दचकायचो नाही. फक्त पहिल्या चार मॅचेसमध्ये फाउल फार व्हायचे, हातांना धरायची सवय लागलेली असते ना, पाच झाले की बाहेर.

एक गोष्ट सांगतो, बास्केटबॉल जन्मालाच आला तो यासाठी. १८९१ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला सांगितलं होतं की फुटबॉल संपल्यावर आणि बेसबॉल सुरू व्हायच्या आधी पोरं कंटाळतात, त्यांच्यासाठी आत खेळायचं काहीतरी काढ. म्हणजे फुटबॉलवाल्या पोरांसाठीच काढलेला खेळ आहे हा, काकांना सांगा. आणि तुमच्याच ओहायोत, अ‍ॅक्रनला, बास्केटबॉलचा स्टार लेब्रॉन जेम्स हायस्कूलमध्ये तीन वर्षं फुटबॉलचा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) होता. बास्केटबॉलचाच दुसरा स्टार अ‍ॅलन आयव्हर्सनने व्हर्जिनियात एकाच शालेय वर्षात दोन्ही खेळांत स्टेट चॅम्पियनशिप जिंकून दिली. ते वेगळ्या मातीचे होते हे कळतं मला, पण दोन्ही खेळल्याने त्यांचं नुकसान तर झालं नाही.

माझ्या आईबाबांना दोन्ही खेळांतलं काही कळत नव्हतं. बाबा दुसऱ्या वर्षी फर्स्ट डाउन म्हणजे काय ते शिकले, चार प्रयत्नांत दहा यार्ड, आणि मग थंडीत ब्लँकेट घेऊन सगळ्या मॅचेसना आले. मला स्कोर आठवत नाहीत आता, पण बाबा कुठे बसायचे ते आठवतं.

तिसरा_डाउन

नवऱ्याचा कॉलेजचा मुद्दा राहिला म्हणून लिहितो. एनसीएएच्या, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेच्या, आकड्यांनुसार हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी साधारण ७ टक्के मुलं त्यांच्या कॉलेजांत कुठल्याही पातळीवर खेळतात, बास्केटबॉलमध्ये तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही सगळ्यांना स्कॉलरशिप नसते, डिव्हिजन थ्री, म्हणजे तिची तिसरी पातळी, तर खेळासाठी पैसे देतच नाही. त्या आकड्यासाठी पंधराव्या वर्षी आवडीचा एक खेळ सोडायला लावणं मला पटत नाही. त्याच्यात ती गुणवत्ता असेल तर अकरावीत कोचच सांगतील, तेव्हा त्याने स्वतः निवडावं.

शुक्रवारची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला, नेस्मिथचं ऐकून त्याने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

पोझिशन विचारली होती, तो लाइनबॅकर (बचावात टॅकल करणारा) आहे, वजन फारसं वाढवलेलं नाही. शाळा मोठीच आहे, त्यामुळे ट्रायआउटला गर्दी असणार. मंगळवारी तो स्वतः बास्केटबॉलच्या कोचकडे जाऊन आला. मी शाळेबाहेर गाडीत बसले होते, आत गेले नाही. कोचने सांगितलं की फुटबॉल संपल्यावर सात दिवस इकडे फिरकू नकोस, आठव्या दिवशी ये, तुझी ट्रायआउट तेव्हा घेऊ, जागेचं वचन देत नाही. तो खूश होऊन आला, मला वाटलं होतं वचन नाही म्हटल्यावर हिरमुसेल.

डोक्याच्या माराबद्दल काल रात्री बोललो आम्ही तिघं. तेव्हा कळलं की सप्टेंबरात एकदा प्रॅक्टिसनंतर दोन दिवस त्याचं डोकं दुखत होतं आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मी ओरडले नाही, फार कठीण गेलं मला ते. आज सकाळी अ‍ॅथलेटिक ट्रेनरना फोन केला, त्यांनी उद्या शाळा सुटल्यावर तपासायला बोलावलंय. त्या बघून सांगेपर्यंत तो पॅड घालणार नाहीये, हे त्याने स्वतः फुटबॉलच्या कोचना कळवलं. शुक्रवारी टीमची मॅच आहे, तो जर्सी घालून साइडलाइनवर असेल, आणि या वेळी आम्ही दोघंही जाणार आहोत.

गुडघा_आणि_घोटा

फार बरं केलंत. उद्या जाताना डोकं कधीपासून कधीपर्यंत दुखलं, झोप कशी होती, त्या आठवड्यातल्या टेस्टला मार्क कमी पडले का, हे सगळं त्याला स्वतःला कागदावर लिहायला सांगा आणि तो कागद बरोबर न्या. दोन महिने होऊन गेलेत, तोंडी विचारलं की मुलं "ठीक होतं" म्हणून मोकळी होतात.