दिवाणाची पुढची चाल काय असावी? शनिवारी सेशन आहे, डोकं चालेना

घाटावरचा_डीएम

नमस्कार मंडळी, बेळगावातनं लिहितोय. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारा पाच जणांचा ग्रुप आहे, चार खेळणारे आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, दर शनिवारी रात्री टिळकवाडीत दुसऱ्या गेटच्या अलीकडं एकाच्या माडीवर बसतो. फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं, सगळे लेव्हल ५. पात्राच्या नावानंच सांगतो: रोग (चोर-हेर) उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे, क्लेरिक (देवाचे मंत्र टाकणारी) मेडिकल दुकानात, विझर्ड (जादूगार) कॉलेजात शिकवते, आणि पॅलाडिन (धर्मयोद्धा) खानापूर साईडची, घरची भातशेती. टेबलावर मराठी कन्नड दोन्ही चालतं. नॅचरल वन, म्हणजे डी२० या वीस बाजूंच्या फाशावर एक, पडला की कुठली भाषा चालते ते सांगत नाही.

कॅम्पेन घरचंच रचलेलं. दोन राज्यांच्या मधे घाटावरचं एक गाव, दोघंही म्हणतात आमचंच, वेशीवरचा बोर्ड दर दोन महिन्यांनी बदलतो. ही आयडिया कुठनं सुचली ते कृपया विचारू नका.

तर व्हिलन म्हणजे त्या गावचा दिवाण. जकातनाका त्याच्या हातात. दोन्ही राजांना गुपचूप पैसा आणि माणसं पुरवतो, कारण भांडण जोवर मिटत नाही तोवर नाका याच्याकडंच राहतो, मिटलं की कुणीतरी एक राजा स्वतःचा माणूस बसवणार. एवढंच त्याचं दुखणं. जग जिंकायचं वगैरे काही नाही. घोळ असा झालाय की पोरांना हा दिवाण आवडायलाय. पहिल्या सेशनपासून तो त्यांना जेवायला घालतो, जाताना द्रोणात कुंदा बांधून देतो (मी खरा कुंदा आणला होता टेबलावर, तिथंच चुकलं), आणि आता सगळे त्याला मामा म्हणतात. मामा कोण कुणाला बनवतंय ते मलाच कळेना झालंय.

मागच्या सेशनला क्लेरिकनं भर पंगतीत झोन ऑफ ट्रूथ टाकला, त्यात सापडलेल्याला खोटं बोलता येत नाही तो मंत्र. दिवाणाचा सेव्ह (मंत्र टाळायचा फासा) फेल. पण हा गडी एकही खोटं बोलला नाही, "या गावाचं वाईट मी कधी मनात आणलं नाही" म्हणाला, आणि ते खरंच आहे की त्याच्या दृष्टीनं. तिघं खूश, मामा क्लीन. फक्त रोगला पटलं नाही, त्यानं त्याच रात्री कचेरीतनं चोपडी लांबवली. चोपडीचं पान मी खरं बनवलंय, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं आणि मोडीत लिहिलं, आमच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदांवरनं वळण बघून बघून. त्यांना अजून ते वाचता आलेलं नाही.

आता दिवाणाला कळलंय चोपडी गेली. तो काय करेल? मारेकरी पाठवून पोरांचे हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा) उतरवायचे मनात आलं होतं पण ते फारच फालतू वाटायलंय. सुचवा काहीतरी.

खडेबाजार_२०

मारेकरी पाठव की. नाहीतर ड्रॅगन.

जुना_फासा

वरच्या भावाकडं लक्ष देऊ नका, त्याच्या टेबलावर प्रत्येक प्रश्नाला ड्रॅगन हेच उत्तर असतं.

तुमचा दिवाण चांगला जमलाय, मला आवडला. पण पुढची चाल ठरवायच्या आधी एक काम करा, एका कागदावर फक्त त्याला काय माहीत आहे तेवढंच लिहा. तुम्हाला काय माहीत आहे ते नको, त्याला. चोपडी गेली हे माहीत आहे. कुणी नेली हे नक्की माहीत आहे का? वाचली का नाही हे तर नाहीच माहीत. जेवताना आपल्यावर मंत्र टाकला होता हे मात्र पक्कं माहीत आहे, कारण झोन ऑफ ट्रूथमधे सापडलेल्याला ते कळतं, म्हणूनच तर तो आडवळणानं बोलू शकला. म्हणजे आपल्या घरी जेवून आपल्यावरच संशय घेतला हे त्याला त्या रात्रीच कळलंय आणि तरी त्यानं कुंदा बांधून दिला. हा माणूस मारेकरी पाठवणार नाही हो. मारेकरी पाठवणं म्हणजे चोपडीत काहीतरी आहे असं स्वतःच दवंडी पिटून सांगणं.

दुसरं, ज्या जगात जादू आहे तिथला कारस्थानी माणूस जादू धरूनच चालणार. समजा चोपडी लिहिणारा कारकून त्याला नकोसा झालाय. साधा व्हिलन त्याचा गळा कापेल. पण तुमच्या क्लेरिककडं लेव्हल ५ ला स्पीक विथ डेड, म्हणजे प्रेताला बोलतं करायचा मंत्र, आलेला असणार, पाच प्रश्न विचारता येतात. प्रेतानं तुम्हाला शत्रू मानलं तर त्याच्यावर खरं बोलायची सक्ती नसते, पण मालकानंच गळा कापल्यावर ते मालकाची बाजू कशाला घेईल. म्हणून हुशार दिवाण कारकुनाला मारत नाही, बायकापोरांसकट यात्रेला पाठवतो. वाटखर्च देऊन, देवीची ओटी भरून, दारापर्यंत पोचवायला येऊन. पोरं कारकुनाला शोधत जातील तर शेजारीण सांगेल, दिवाणजी किती चांगले हो, ह्यांचा नवसच फेडला.

आणि मोडीचं कौतुक आहे पण विझर्ड कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस (कुठलीही भाषा समजायचा मंत्र) रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून टाकेल, स्लॉट (दिवसाच्या मोजक्या मंत्रांतला एक) पण जाणार नाही, पानाला बोट लावून मिनिटाभरात वाचून होईल. तुमची चहात बुडवायची मेहनत गेली.

घाटावरचा_डीएम

अरे देवा. रिच्युअल विसरलोच होतो. तिच्या यादीत आहे तो स्पेल. पानावर मी सरळ सरळ लिहून ठेवलंय, अमक्या राजाला इतके स्वार, तमक्याला इतके प्यादे. आता पान तर त्यांच्या हातात आहे.

मोडीवाली_ताई

मोडीत काय लिहिलंय ते अजून फक्त तुम्हालाच माहीत आहे ना? मग पान बदला की, तसंच दुसरं करा आणि "जुनं फाटायलं होतं म्हणून नीट करून आणलं" म्हणा. डीएमला एवढं माफ आहे. अक्षरं वाचता येत नसतील तर फरक कुणाला कळणार.

त्या स्पेलमधे स्पष्ट आहे की शब्दाचा जो सरळ अर्थ तोच कळतो, सांकेतिक मजकूर फुटत नाही. आणि सावकारी सांकेतिक भाषा आपल्याकडं काय नवीन आहे का, १७६१ ला पानिपतचा निकाल कळवणारं जे पत्र सांगतात त्यात दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही, असंच आहे ना. तो स्पेल टाकून वाचलं असतं तर कुणाची तरी दागिन्याची पेटी हरवली एवढंच कळलं असतं. दिवाण जकातीचा माणूस आहे, नाक्यावरनं रोज पोती जातात, तर त्यानं तांदूळच लिहावा. जाड तांदूळ म्हणजे प्यादे, बासमती म्हणजे स्वार, गूळ म्हणजे बाण किंवा दारूगोळा, काय ते. "वरच्या वाड्यास जाड ४० पोती, बासमती ६, गूळ २ ढेपा." विझर्ड वाचेल, सगळे म्हणतील हॅ, हे तर दुकानाचं बिल आहे. आणि रोग एकटाच म्हणत बसेल की नाही रे काहीतरी आहे.

किल्ल्याखालचा

बेळगावातलेच आहात म्हणून सांगतो, लांब कशाला जाता. आपल्या किल्ल्यात सफा मशीद आहे बघा, ती ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या असदखान लारीची गोष्ट काढून वाचा. सोळाव्या शतकात आदिलशाहीत बेळगाव त्याच्याकडं होतं, १५४९ ला वारला. त्याच्याबद्दल विजापूर दरबारात कुजबूज उठवली की हा बेळगाव निजामशहाला देणार आहे. सुलतान इब्राहिमच्या मनात संशय बसला. मग निजामशहाची फौज खरंच इकडं आली तेव्हा ह्याची अवस्था काय झाली असेल बघा, मालकाचा विश्वास नाही आणि शत्रू दारात. वरकरणी त्याला त्या फौजेत सामील व्हावं लागलं आणि संधी मिळाल्यावर तो परत आदिलशाहाकडं वळला. आता तो निष्ठावंत होता का पक्का बेरकी होता यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत, मी पहिल्यातला.

तुम्हाला यातनं घ्यायचंय ते असं. तुमच्या गावाला किल्ला असेलच, त्याला इमानदार किल्लेदार असेल. दिवाणानं त्याच्याविरुद्ध काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त बाजारात बोललं जातंय असं व्हायला हवं की किल्लेदार फुटलाय. खोटं पत्र वगैरे नको, १७७३ च्या ध चा मा पासनं खोटं पत्र म्हटलं की पोरं आधी अक्षरच तपासतात. पत्र नाहीच, नुसती कुजबूज. मग राजा किल्लेदाराला किल्ल्या दिवाणाकडं सोपवायला सांगणार, आणि किल्लेदारापुढं दोनच रस्ते, अपमान गिळायचा किंवा खरंच फुटायचं. कुठलाही घेतला तरी दिवाणाचाच फायदा.

घाटावरचा_डीएम

किल्लेदारीण आहे आमच्यात. पॅलाडिनची गुरू! आता अंगावर काटा आला.

जुना_फासा

मग तर सोनं. पण किल्ल्याखालच्या दादांच्या आयडियात एक जागा कच्ची आहे, ती बघून घ्या. हे सगळं पडद्यामागं घडवलंत आणि शनिवारी पोरांना "किल्लेदारीण बाईंना अटक झाली" असं वाचून दाखवलंत तर ते चिडणार, आणि बरोबर चिडणार. त्यांना अडवायला जागा पाहिजे. कुजबूज आली कुठनं हे शोधायला गेले तर धागा मिळालाच पाहिजे. चहाच्या टपरीवर एकच वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी जसंच्या तसं घाला, शब्द न शब्द तोच. खरी अफवा तोंडागणिक बदलते, पढवलेली बदलत नाही. हे एखाद्याच्या लक्षात आलं तर ठीक, नाही आलं तर पॅसिव्ह इनसाइट (फासा न टाकता माणूस ओळखायचा आकडा) बघून चिठ्ठी सरकवा.

आणि दिवाणाला पोरांकडंच पाठवा, रडवेला करून. "बाईंच्या जिवाला धोका आहे रे, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा ठेवू." त्यांना त्याच रात्री किल्ल्यावर जाऊन बाईंना गुपचूप गावाबाहेर काढायचं काम द्यायचं. त्यांनी ते केलं की सकाळी गावभर झालंच, बाई रातोरात पळाल्या, म्हणजे फुटल्याच होत्या. एक शब्द खोटा बोललेला नाही, जीवाला धोका तर खराच होता, त्यानंच केलेला.

खडेबाजार_२०

हे ड्रॅगनपेक्षा वाईट आहे. घ्या.

घाटावरचा_डीएम

रविवार सकाळ, झोप झालेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पान बदललं, कुणालाही कळलं नाही. तांदळाचंच केलं ताईंनी सांगितल्यासारखं, वर मिती टाकली, ज्येष्ठ वद्य काहीतरी, आणि खरं वाटावं म्हणून "नवा जाड तांदूळ ४० पोती" लिहिलं. विझर्डनं रिच्युअल केला, मी वाचून दाखवलं, सगळे हसले, दुकानाचं बिल. रोगचं तोंड पडलं. मी मनात म्हटलं जमलं.

आणि खानापूरवाली पॅलाडिन, जी कधी चोपडीकडं बघत पण नाही, वडा खाता खाता म्हणते, "ज्येष्ठात नवा तांदूळ कुठनं आला? ज्येष्ठात आम्ही पेरणीच्या मागं असतो, भात दिवाळीनंतर घरात येतं." माडीवर चिडीचूप. ती माझी चूक होती हो! मिती मी अशीच टाकली होती, मला शेतीतलं काय कळतं. पण चेहरा सरळ ठेवला, पडद्यामागं उगाच एक डी२० टाकला आणि म्हटलं, "तुला हे खटकतं." बास. पंधरा मिनिटांत त्यांनी जाड म्हणजे प्यादे पर्यंत मजल मारली, गूळ मात्र अजून गूळच आहे त्यांच्या मते.

मला वाटलं संपलं, मामा उघडा पडला. तेवढ्यात ठरल्याप्रमाणं मामा दारात आला, डोळ्यात पाणी, बाईंच्या जिवाला धोका आहे म्हणून. आणि तिघांनी काय करावं? त्यालाच बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं, मामा तुमच्या कचेरीत कुणीतरी गद्दार कारकून आहे, तुमच्या चोपडीत सैन्याचा हिशोब लिहितोय, जपा. मी दिवाणाच्या तोंडून एवढंच म्हटलं, "असं? बरं झालं सांगितलंत. तो तर कालच यात्रेला गेला." क्लेरिक म्हणाली, बघा, पळाला! किल्लेदारीण बाई आता पॅलाडिनच्याच घोड्यावर, पहाटे तीन वाजता, गावाबाहेरच्या देवळात आहेत. अफवेचं तेच वाक्य तीन ठिकाणी घातलं होतं, कुणीही पकडलं नाही.

फक्त रोग त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलला नाही. फासे गोळा करून पिशवीत भरत बसला होता. घरी जाताना माझ्याच गाडीवर मागं होता, दुसरं गेट पडलेलं, मालगाडी जायची होती, बराच वेळ दोघं गप्प थांबलो. मग मागनं आवाज आला,

"मामाला हिट पॉइंट किती आहेत रे?"