लांब पल्ल्याचं विमान : अंतर आणि वेळ यांचा मेळ (अनुभव धागा)

दोन विमानतळांमधलं अंतर काढायचं, ताशी ९०० किमीने भागायचं आणि मनात वेळ ठरवून टाकायची, ही माझी खोड. उत्तर तिकिटाशी सहसा जुळत नाही. लांबचा प्रवास केलेल्यांनी आपापले अनुभव सांगा. जेटलॅगचं रडगाणं नको, ते वेगळं बोलू.

*निवांत :* लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजार किमी. जाताना आठ तासांच्या आसपास, येताना साडेसहा-सात. वरचे जेट स्ट्रीम वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, हे सगळं त्यांचंच काम. येताना समोरच्या पडद्यावर वेग ताशी अकराशेच्या पुढे गेला, तर शेजारचे काका सीटचा हात घट्ट धरून बसले! अहो, विमान हवेत नेहमीच्याच वेगाने चाललेलं असतं, पाठून वारा ढकलतो म्हणून जमिनीच्या हिशेबात आकडा फुगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला टेकलं होतं.

*रानपाखरू :* त्याहून गंमत दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोची. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, २०१६ मध्ये पॅसिफिकवरून न्यायला लागली. अंतर हजारेक किमीने वाढून १५,३०० च्या घरात गेलं आणि वेळ मात्र दोनेक तासांनी घटली. मला हे घरच्यांना पटवताना घाम फुटला. "लांबून जाऊन लवकर कसं पोचणार?" शेवटी पृथ्वीचा गोल पुढ्यात ठेवून दाखवलं, की पॅसिफिकवरून जाताना विमान पूर्वेला जातं आणि तोच वारा पाठून ढकलतो. सपाट नकाशावर हे दिसतच नाही.

*टिकोजीराव :* वारा राहू द्या, राजकारण बघा. हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत व्हायचं. २०२२ मध्ये युरोपच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तेच तेरा तासांवर गेलं. काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली. विमानतळ दोन्ही जागच्या जागी, अंतर काढणारी साइटही जुनाच आकडा दाखवते.

*सावली :* ऑकलंडहून होनोलुलूला रात्री निघाले आणि त्याच तारखेच्या सकाळी उतरले. वाटेत वाररेषा ओलांडली ना! हॉटेलचं बुकिंग करताना तारीख नीट बघा, एवढंच सांगते.

*धागाकर्ता :* म्हणजे तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करायचीच नाही?

*निवांत :* करा की, पण दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात, आधी एकाच घड्याळात आणा. शिवाय त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणंही धरलेलं असतं.

*रानपाखरू :* आणि पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर सामान पुन्हा चेक-इन करायला लागतं. तिथे दीड तासाचं अंतर ठेवू नका, मोठ्या विमानतळावर टर्मिनल बदलण्यातच ते जातं.