अंतऱ्यात अडकलेल्या भाऊसाठी
भाऊ, गाण्याचा मुखडा (सुरुवातीची, परत परत येणारी ओळ) सुचतो पण अंतरा (मधलं कडवं) जमत नाही म्हणता, अन् त्यापायी गाणं कोणाले ऐकवतच नाही, हे काहून बाप्पा? माझंही तेच व्हायचं. मग ओळी टाळीवर म्हणून पाहायला लागलो, केरवा ताल धरला तर आठ मात्रा म्हणजे ठोके, दादरा ताल असेल तर सहा, जिथे जीभ अडखळते तो शब्द बदलायचा, कितीही लाडका असला तरी. अंतरा जरा वरून, मध्यम-पंचमाकडून, म्हणजे म-प या सुरांपासून उचलून पाहा, चाल मुखड्यापासून वेगळी होते. रेकॉर्डिंगला मोबाईल पुरे, फक्त कूलर बंद करा! मी मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या खोलीत घामाघूम होऊन चार टेक घेतले, चौथ्यात खालून भाजीवाला ओरडला, "पालक घ्या पालक", अन् मित्रांना नेमका तोच टेक आवडला. तुमचा मुखडा टाका ना, मी टाळी धरून पाहतो.