'होली' आणि 'सेक्रेड' दोन्हींना 'पवित्र' लिहिणं थांबवा

शब्दवेल्हाळ
इंग्रजी मजकुरात होली, सेक्रेड, कॉन्सिक्रेटेड असं काहीही आलं की आपण सरसकट 'पवित्र' लिहून मोकळे होतो. निदान पहिल्या दोघांची तरी फारकत करायलाच हवी.

होली हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, 'होल' म्हणजे अखंड आणि 'हेल्थ' यांच्या कुळातला. सेक्रेड लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. तो मुळात धातुसाधित आहे: कुणीतरी देवाला वाहिलेलं, वेगळं काढलेलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे सेक्रेडपुढे 'टू' सहज येतो, होलीपुढे सहसा येत नाही. ब्रिटिशकालीन थडग्यांवर 'सेक्रेड टू द मेमरी ऑफ' असं कोरलेलं असतं. त्याचं 'अमक्याच्या स्मृतीला पवित्र' केलंत की वाक्य मोडतं. 'स्मृतीस वाहिलेले' म्हणा, लगेच बसतं.

देवाला सोडलेला वळू घ्या. त्याच्यात शुद्धाशुद्धाचा प्रश्नच नसतो. त्याला औताला जुंपायचं नाही, एवढाच नेम. कित्येक देवरायांत वाळकी काटकीही उचलायची नसते, तीही त्याच भावनेनं. देवराईला इंग्रजीत 'सेक्रेड ग्रोव्ह' म्हणतात, त्यामागे हेच आहे. 'पवित्र' शब्द 'पू' म्हणजे शुद्ध करणे या धातूवरून आला, त्यामुळे तो सोवळ्याकडे झुकतो. वाहिलेलं, राखलेलं, सोडलेलं हे शब्द घरात असताना ते वापरा ना.

मुद्रितशोधक
अजिबात सहमत नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'ऑफुल' म्हणजे एकेकाळी मनात धाक आणि आदर उभा करणारं. आज त्याचा अर्थ 'भयंकर वाईट'. 'पवित्र' हाही मुळात सोमरसाच्या गाळणीचा आणि दर्भाच्या अंगठीचा शब्द. 'पवित्र कर्तव्य' म्हणताना ती गाळणी कुणाला आठवते?

शिवाय तुमची फारकत इंग्रजीतच टिकत नाही. 'होली वॉटर' धर्मगुरूंनी आशीर्वाद दिल्यावर होली होतं, आधी ते साधं पाणीच असतं. म्हणजे तेही वेगळं काढलेलंच झालं की! आणि प्रभूच्या प्रार्थनेतलं 'हॅलोड बी दाय नेम' पाहा. हॅलो हे होलीचंच क्रियापद. मराठीत 'तुझे नाव पवित्र मानले जावो' असं रूढ आहे आणि ते उत्तम आहे.

शब्दवेल्हाळ
होली वॉटरचा मुद्दा बिनतोड, तो मान्य. प्रार्थनेचा नाही. तिथे माणसानं देवाचं नाव पवित्र करायचं नाहीये, ते आहेच. माणसानं तसं मानावं अशी विनवणी आहे. म्हणून तिथे 'पवित्र' मलाही हवंच. माझा आक्षेप सेक्रेडपुरता.

कलमवाचक
सेक्रेडपुरता म्हणालात म्हणून सांगतो, कायद्यात तुमचा 'वाहिलेलं' अनर्थ करेल. भारतीय दंड संहितेच्या कलम 295 मध्ये (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 298) उपासनास्थळाबरोबरच कोणत्याही वर्गानं 'हेल्ड सेक्रेड' अशा वस्तूचा उल्लेख आहे. पेरियार रामस्वामींनी गणपतीची मातीची मूर्ती फोडली, त्या प्रकरणात नेमका हाच वाद होता. खालच्या न्यायालयांच्या मते ती नुसती मातीची आकृती होती. सर्वोच्च न्यायालयानं 1958 साली हा अर्थ फार संकुचित ठरवला: वस्तू कितीही क्षुल्लक असो, एखादा वर्ग तिला सेक्रेड मानत असेल तर पुरे; तिची प्रत्यक्ष पूजा होत असायलाच हवी असं नाही. (काळ बराच लोटल्यामुळे अपील मात्र फेटाळलं.) आता 'देवाला वाहिलेली वस्तू' असं भाषांतर करून बघा. वाहिली कुणी, कधी, प्राणप्रतिष्ठा झाली होती का, असले सगळे प्रश्न मागच्या दारानं परत येतात. इथे 'पवित्र मानलेली' हेच बरोबर.

वसईची_वाट
पवित्रवर एवढं चाललंय, पण खरा गोंधळ 'वर्शिप'चा होतो. वर्शिप म्हणजे मुळात 'योग्यता, थोरवी'; म्हणून ब्रिटनमध्ये मॅजिस्ट्रेटलाही 'युअर वर्शिप' म्हणतात. कॅथलिक शिकवणीत मात्र उपासना फक्त देवाची. संतांना मिळतं ते 'व्हेनरेशन', म्हणजे वंदन. बातमीत 'संतांची पूजा' छापलं की धर्मशास्त्रच चुकतं.

'ब्लेसेड'चंही तसंच. ती संतपदाच्या अलीकडची पायरी आहे. गोव्याचे जोसेफ वाझ 1995 मध्ये ब्लेसेड झाले आणि 14 जानेवारी 2015 ला संत. दोन्ही घोषणा कोलंबोतच झाल्या. मधल्या वीस वर्षांतल्या मजकुरात 'ब्लेसेड' दिसला तर तिथे 'संत' लिहू नये. उच्चारही सांभाळा: पदवी असेल तेव्हा 'ब्लेसेड', क्रियापदाचं रूप असेल तेव्हा 'ब्लेस्ट'.

आणि 'सेंट'वरून 'संत' आला असं जे फिरतं ते चूक आहे. संत हा 'सत्' चा, सेंट हा लॅटिन 'सांक्तुस'चा. दिसायला सारखे, पण कूळ वेगळं.

शब्दवेल्हाळ
कलमवाचक, 295 चं उदाहरण चोख आहे. कायद्यापुरता मी माघार घेतो. तिथे 'मानलेली' हा शब्दच सगळा भार उचलतो. थडगी, देवराया आणि सोडलेली जनावरं यांच्यासाठी मात्र 'वाहिलेलं', 'राखलेलं', 'सोडलेलं' यावर मी ठाम आहे.

मुद्रितशोधक
थडग्यांचं मान्य. देवराईचं भाषांतर मुळात करायचंच कशाला? 'सेक्रेड ग्रोव्ह' दिसलं की 'देवराई' लिहा. 'देव' आधीच आत आहे.